गुत्त्याचं चित्र की नाटकातला प्रवेश? जुनी डच कोरीव छापचित्रं

खोदरेषा
ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या ऑनलाइन संग्रहात गुत्ता, सराई, दारू पिणारे असं काहीही टाकून शोधलं की ढिगाने छापचित्रं समोर येतात. बाक, पिंप, मातीचे पाइप, कोपऱ्यात कुत्रं, कुणीतरी पेला उंच धरलाय, कुणीतरी बाईच्या कमरेत हात घातलाय. आपण बघतो आणि मनात म्हणतो, अच्छा, सतराव्या-अठराव्या शतकातले डच लोक असे बसायचे होय. माझं म्हणणं असंय की यातली बरीच चित्रं 'लोक असे बसायचे' हे दाखवतच नाहीत, ती रंगमंचावरचा प्रवेश दाखवतात. बसलेत ते नट आहेत. आणि हे कळलं नाही तर त्या चित्रातला अर्धा जीव निघून जातो, म्हणून हा धागा काढतेय.

माझं आवडतं उदाहरण सांगते. पीटर लांगेनडाइक (१६८३-१७५६) हा हार्लेमचा नाटककार, पोटापाण्यासाठी दमास्क कापडाच्या विणकामाचे नमुने काढायचा, म्हणजे हातात रेषा असलेला माणूस. त्याचं १७१५ चं एक प्रहसन आहे, 'दे विस्कुन्स्टनार्स', म्हणजे गणितज्ञ मंडळी, त्याला 'पळालेली पोरगी' असं जोडनावही आहे. सगळं घडतं लूनन नावाच्या गावातल्या सराईत, ॲमस्टरडॅम आणि उत्रेख्तच्या मधे फेख्त नदीकाठी हे गाव आजही आहे. इझाबेल घरातून पळून आलीय कारण तिचं लग्न राझबोलियस नावाच्या विद्वान डॉक्टरशी लावायचा घाट घातलाय आणि तिचं मन दुसरीकडे आहे. आता सराई म्हटल्यावर काय होणार, ज्याच्यापासून पळायचं तोच तिथे येऊन उतरतो. राझबोलियस आणि उरिनाल नावाचा दुसरा पंडित जेवणाच्या टेबलावर भांडायला लागतात की सूर्य फिरतो की पृथ्वी, एक कोपर्निकसवाला (पृथ्वी फिरते म्हणणारा), एक टॉलेमीवाला (सूर्य फिरतो म्हणणारा), आणि टेबलावरच्या ताटल्या-पेल्यांचे सूर्य, चंद्र, ग्रह करून ते एकमेकांना विश्व समजावून सांगतात. जेवण राहतं बाजूला. तिकडे पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि इकडे हे दोघं ताटल्या सरकवतायत.

हा प्रवेश कॉर्नेलिस ट्रोस्टने १७४१ मध्ये पेस्टलमध्ये, म्हणजे रंगीत खडूंनी, रंगवला. ट्रोस्ट (१६९६-१७५०) आधी ॲमस्टरडॅमच्या स्खाउबुर्खमध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य नाट्यगृहात नट होता, बायको मारिया फान देर डाउन तीही नटी, १७२४ च्या सुमारास त्याने अभिनय सोडला आणि चित्रकार झाला, पण नाट्यगृहासाठी पडदेही रंगवले. म्हणजे प्रवेश रंगवताना तो बाहेरून बघत नव्हता, कुठल्या वाक्याला कोण कुठे वळतं हे त्याला अंगाने माहीत होतं. त्याच्या चित्रांवरून त्या काळातल्या कोरणाऱ्यांनी तांब्याचे पत्रे तयार केले, याकोब हाउब्राकेन, पीटर तान्ये ही त्यातली मोठी नावं, आणि पुढे त्याचा जावई कॉर्नेलिस प्लोस फान आम्स्टेल याने तर रंगीत रेखाटनं जशीच्या तशी छापता यावीत म्हणून स्वतःची पद्धत बसवली, त्यात सासऱ्याची चित्रंही होती.

आता नाटकाचं चित्र ओळखायचं कसं. मला सगळ्यात उपयोगी पडलेली खूण म्हणजे कपडे. अठराव्या शतकातल्या छापात एखादा म्हातारा गळ्याभोवती चुणीदार कॉलर आणि उंच काळी टोपी घालून बसला असेल आणि शेजारच्या तरुणाचा कोट, विग एकदम चालू फॅशनचा असेल, तर समजायचं की हा म्हातारा नाटकातला आहे. विनोदी भूमिकांना आज्याच्या जमान्याचे कपडे घालायची स्टेजवर पद्धत होती, रस्त्यावर तेव्हा असं कुणी फिरत नव्हतं. दुसरी खूण खोलीची. समोरची भिंत नाही, तीनच भिंती, दारं सोयीच्या जागी, आणि माणसं टेबलाच्या आपल्या बाजूला पाठ करून बसतच नाहीत, सगळी तिकडच्या बाजूला किंवा कडेला. तिसरी म्हणजे एक जण नेमका टेबलाकडे न बघता आपल्याकडे बघत असतो.

तुमच्याकडे अशी अजून चित्रं किंवा माहिती असेल तर टाका. नाटकवाल्यांनी जरूर लिहा.

विंगेतला
ताई धागा झकास. मी प्रायोगिकला बॅकस्टेज करतो, सेट आणि प्रॉपर्टी बघतो, त्यामुळे मला आधी प्रश्न पडला की सराईच का? प्रहसनं घरात, रस्त्यावर, बाजारात पण होतातच की. पण सेटवाल्याच्या डोक्याने विचार केला की उत्तर सरळ आहे. सराई म्हणजे एकच सेट आणि त्यात कोणीही येऊ शकतं. घराच्या सेटमध्ये परका माणूस आणायचा तर लेखकाला कारण द्यावं लागतं, सराईत तो आला, बसला, एक पेला मागवला, संपलं. शेतकरी, डॉक्टर, सैनिक, पळालेली मुलगी, चोर, सगळे एका छताखाली आणि कुणालाच कुणाची ओळख नाही. वर मालकीण आहेच, ती सगळ्यांचं ऐकते आणि बिल मागते. बिल ही तर विनोदाची खाणच आहे, बिल आलं की प्रवेशाला आपोआप ताण येतो, पैसे नाहीत, पळायचंय, कुणाच्या तरी नावावर टाकायचंय.

आणि खर्चाचा भाग विसरू नका. मी वाचलंय त्याप्रमाणे स्खाउबुर्खमध्ये संध्याकाळी आधी मोठं गंभीर नाटक आणि मग शेवटी छोटं प्रहसन असा कार्यक्रम असायचा. म्हणजे राजवाडा आवरून पटकन दुसरा सेट लावायचा. साधी खोली, एक टेबल, चार स्टूल, पिंप, मग, झालं. १६६५ ला त्यांनी नाट्यगृह नव्याने बांधलं तेव्हा सरकत्या विंगा आल्या, सेट बदलणं आणखी सोपं झालं. त्यामुळे छापचित्रात खोली ओकीबोकी दिसते ना, भिंतीवर फारसं काही नाही, ती गरिबी दाखवायला असेल असं मला वाटत नाही, ती तयार खोली आहे जी दहा नाटकांना वापरली जाते.

मधुरा_व
छान माहिती आहे पण मला थोडी शंका आहे. आद्रियान फान ओस्टाडेची एचिंग्ज, म्हणजे पत्र्यावर आम्लाने रेषा उठवून काढलेले छाप, मी बघितली आहेत, शेतकरी गुत्त्यात बसलेत, नाचतायत, एकात तर सुऱ्या काढून मारामारी चाललीय. ती कुठे नाटकाची आहेत? आणि यान स्टेन तर स्वतः दारूच्या धंद्यात होता असं वाचलंय. मग त्याने जे काढलं ते त्याने बघितलेलंच असणार ना. प्रत्येक चित्राला नाटक म्हणायला लागलो तर खरं आयुष्य उरणारच नाही.

खोदरेषा
मधुरा, शंका एकदम योग्य जागी आहे आणि म्हणूनच मी वर 'बरीच' म्हटलं, 'सगळी' नाही. ओस्टाडे (१६१०-१६८५) हार्लेमचा, त्याने पन्नासच्या आसपास एचिंग्ज केली, त्यांना मी नाटकाची म्हणणार नाही. 'गुत्त्यातला नाच' बघ, उंच तुळयांची कोठारासारखी खोली, माणसं कोपऱ्यांत पसरलेली, कित्येक जण आपल्याकडे पाठ करून, कुणाला बघणाऱ्याची पर्वा नाही. ट्रोस्टच्या प्रवेशात असं चालणारच नाही. तिथे प्रत्येक चेहरा प्रेक्षकाला दिसलाच पाहिजे, कारण चेहरा दिसला नाही तर वाक्य पोचत नाही. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितलं की फरक डोळ्यात भरतो.

यान स्टेन (१६२६-१६७९) मात्र मधला माणूस आहे आणि तो मला फार आवडतो. बाप बियरवाला, स्वतः १६५४ पासून काही वर्षं डेल्फ्टमध्ये बियर गाळायची भट्टी चालवली आणि १६७२ च्या सुमारास लायडनमध्ये गुत्ता चालवायचा परवाना काढला. तर गुत्ता त्याने आतून बघितला होताच. पण त्याच वेळी तो 'रेडेराइकर्स'ची चित्रं काढतो, म्हणजे गावोगावची हौशी कवी-नट मंडळं, ही मंडळी बसायची कुठे, तर सराईतच, तिथेच तालमी, तिथेच कविता, तिथेच बियर. त्याची प्रसिद्ध चित्रं आहेत ज्यात खिडकीतून डोकी बाहेर काढून एक जण कागदावरून वाचतोय आणि मागे दुसरा पितोय. म्हणजे त्या देशात गुत्ता आणि नाटक मुळात एकाच छपराखाली वाढलेत. त्यामुळे 'नाटक की आयुष्य' असा एकच शिक्का मारू नये, पण कुठल्या चित्रात कुठलं पारडं जड आहे हे बघता येतं. आणि ज्या छापाखाली नाटकाचं नावच कोरलंय त्याला तरी 'गुत्त्यातली मजा' असं लेबल लावू नये एवढंच माझं मागणं आहे.

हे लेबलचं प्रकरण नुसतं किरकोळ नाही बरं का. जुने संग्राहक छाप अल्बममध्ये चिकटवताना खालचा पांढरा पट्टा कापून टाकायचे, आणि नाटकाचं नाव, प्रवेश, ओळी, कोरणाऱ्याची सही, सगळं त्याच पट्ट्यात. पट्टा गेला की उरले नुसते दारुडे.

आम्लस्नान
मी प्रिंटमेकिंग शिकलोय, अजून घरच्या छोट्या प्रेसवर एचिंग करतो, त्यामुळे करणाऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी लिहितो.

पहिली, उलटं छापणं. पत्र्यावर जे डावीकडे ते कागदावर उजवीकडे येतं. चित्रकाराचं चित्र समोर ठेवून कोरणारा ते जसंच्या तसं पत्र्यावर कोरेल तर छाप आरशातल्यासारखा निघणार. चांगले कोरणारे आधीच उलटं करून घ्यायचे, म्हणजे छाप सुलटा. पण घाई असली, स्वस्तातली आवृत्ती असली किंवा दुसऱ्याच्या छापाची नक्कल मारलेली असली की उलटं तसंच राहतं. मग बघायचं काय, तर तलवार. तलवार डाव्या कमरेला असते, उजव्या हाताने उपसतात. छापात सगळ्यांच्या तलवारी उजव्या कमरेला आणि सगळेच डाव्या हाताने पेले उंचावतायत असं दिसलं तर तो आरसा आहे. कोटाची बटणं बघा, पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते, ती उलटी दिसली तरी तेच. नाटकाच्या चित्रात हे जास्त महत्त्वाचं आहे कारण कोण कुठल्या बाजूने आत आलं हेच मुळी पालटतं. अशा छापावरून कुणी स्टेजची मांडणी लिहून काढायला बसला तर ती उलटीच लिहिली जाणार.

दुसरी, रेषेचा प्रकार. एचिंगमध्ये पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने ओढायचं आणि मग आम्लात टाकायचं, हात मोकळा फिरतो, रेषा हातलेखासारखी येते, ओस्टाडेची तशी आहे. ब्युरिनने कोरणं वेगळं, पोलादाचं टोकदार अवजार तळहाताने पुढे रेटायचं आणि वळण घ्यायचं असेल तर हात नाही फिरवायचा, खालचा पत्रा फिरवायचा, त्यासाठी पत्रा वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवतात. त्यामुळे रेषा शांत, सुरुवातीला बारीक, मधे जाड, परत बारीक. रेशमी कोट, पेल्याची चकाकी, काचेतली वाइन याला ब्युरिनच हवा. अठराव्या शतकात बहुतेक जण दोन्ही मिसळायचे, आधी एचिंगने आराखडा, मग ब्युरिनने पक्कं. नाटकाच्या छापात चेहऱ्याला ठिपके-ठिपके करून मऊ सावली दिली असेल आणि मागची भिंत मात्र नुसत्या आडव्या रेषांनी उरकली असेल तर गिऱ्हाईकाला नेमकं काय हवं होतं ते कळतं, त्याला नटाचा चेहरा हवा होता.

एक विचारायचं होतं. माझ्याकडे मुंबईच्या जुन्या बाजारात घेतलेला एक छाप आहे, तीन माणसं टेबलापाशी, मालकीण हातात पाटी घेऊन उभी, कडा पार चित्रापर्यंत कापलेल्या. कळेल का कशातला आहे?

खोदरेषा
आम्लस्नान, फार कामाचं लिहिलंत, उलट्या बटणांचं मी आता प्रत्येक छापात बघत बसणार.

तुमच्या छापाबद्दल, आधी कागद उजेडासमोर धरून वॉटरमार्क आहे का बघा आणि उभ्या-आडव्या जाळीच्या रेषा दिसतायत का तेही. दिसल्या तर कागद हाताने गाळलेला, जुन्या पद्धतीचा असण्याची शक्यता. मग मागची बाजू तपासा, कापलेल्या छापावर मागे कुणीतरी पेन्सिलने काहीबाही लिहिलेलं बऱ्याचदा असतं. त्यानंतर राइक्सम्युझियम आणि ब्रिटिश म्युझियमच्या साइटवर ट्रोस्टच्या चित्रांवरचे छाप एकेक करून ताडून बघा. आणि ती पाटी नीट बघा. पाटीवर खडूच्या रेघा मारलेल्या असतील तर तो उधारीचा हिशेब, म्हणजे मग विंगेतला म्हणतायत तसा बिलाचा प्रवेश.

हेगकर
मी देन हागला, म्हणजे द हेगला राहतो, माउरित्सहाउस हे चित्रसंग्रहालय घरापासून सायकलवर आहे. ट्रोस्टचा मोठा संग्रह तिथे आहे हे खरंय, वर सांगितलेलं 'विस्कुन्स्टनार्स'ही तिथलंच. शिवाय 'यान क्लास' नावाच्या थोमास आस्सेलाइनच्या १६८२ च्या नाटकावरची चित्रं आहेत, ज्यात नायक मोलकरीण बनून प्रेयसीच्या घरात शिरतो. आणि १७३९-४० ची पाच पेस्टल्सची मालिका आहे जिला 'नेलरी' म्हणतात, पाच लॅटिन वाक्यांच्या पहिल्या अक्षरांवरून. मित्रांची पार्टी, पहिल्या चित्रात कुणी बोलत नाही, मग कुजबुज, मग सगळे एकदम बोलतात, मग गोंधळ, आणि शेवटच्यात ज्यांना चालता येतं ते घरी निघालेत, बाकीचे पडलेत. हे कुठल्या नाटकातलं नाही, गुत्त्यातलंही नाही, घरातलं आहे, पण पाचही चित्रं प्रवेशासारखी लावली आहेत, एकामागून एक पडदा उघडावा तशी.

येणार असाल तर आधी विचारून या, पेस्टल उजेडाला फार नाजूक असतात त्यामुळे कायम भिंतीवर नसतात. आणि म्हणूनच मला छापांची किंमत जास्त वाटते. पेस्टल एकाच्या घरात एकच, तेही अंधारात जपायचं, छाप मात्र कितीतरी घरांत गेला.

जुना_हिशेबनीस
गुत्त्याच्या जोडीला कॉफीहाउस चालेल का? चालत असेल तर १७२० चा शेअरचा फुगा सोडून चालणार नाही, भाव आधी आभाळाला भिडले आणि मग कोसळले. मी आयुष्यभर बँकेत काढली, त्यामुळे हा विषय मला पाठ आहे.

पॅरिसमध्ये जॉन लॉच्या मिसिसिपी कंपनीचे शेअर, लंडनमध्ये साउथ सी कंपनी, आणि हॉलंडमध्येही गावोगाव नव्या कंपन्या निघत होत्या. पॅरिसमध्ये शेअरचा सौदा ज्या गल्लीत चालायचा ती केंकांपुआ, तर ॲमस्टरडॅममध्ये काल्फरस्त्रात रस्त्यावरच्या एका कॉफीहाउसला लोकांनी तेच नाव पाडलं. शेअरचे सौदे तिथे चालायचे. ऑक्टोबर १७२० मध्ये जमावाने त्या कॉफीहाउसवर हल्लाही केला. तर याच लांगेनडाइकने त्याच वर्षी त्यावर दोन नाटकं लिहिली, 'केंकांपुआ किंवा वाऱ्याचे व्यापारी' आणि 'आर्लेक्वेन ॲक्शनिस्ट', म्हणजे हार्लेक्विन हा नाटकातला ठरलेला विदूषक शेअर दलाल झालाय. गाव अजून बुडत होतं तेव्हाच हे स्टेजवर आलं, विचार करा, प्रेक्षकांत बुडालेलेही बसले असणार.

आणि मग छापचित्रांचा तो मोठा ग्रंथ, 'वेडेपणाचा भव्य देखावा', साल १७२०, प्रकाशकाचं नाव नाही. सत्तरच्या वर छाप, कवितांसकट, आणि त्याच पुस्तकात ही नाटकंसुद्धा बांधलेली. नाटक आणि चित्र एकाच पुठ्ठ्यात, ताईंच्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा कुठला. त्यात बेर्नार पिकारचा मोठा छाप आहे, त्या वर्षाच्या अफाट मूर्खपणाचं स्मारक म्हणून केलेला, गर्दीत सगळे कागदामागे धावतायत. एक नकाशा आहे, 'वेड्याच्या डोक्याचं बेट', खरोखर विदूषकाच्या डोक्याच्या आकाराचं बेट, गाढवाच्या कानांची टोपी घातलेलं, त्यावर केंकांपुआ नावाचं शहर आणि आजूबाजूला छोटी बेटं, त्यांची नावं दारिद्र्य, दुःख, निराशा. पत्त्यांचा एक संचही आहे. आणि घाई इतकी की काही पत्रे जुनेच, आधीच्या कुठल्यातरी प्रकरणासाठी कोरलेले, त्यावर नवीन मजकूर टाकून परत छापले. बाजार गरम आहे तोवर माल काढायचा, हे शेअरवाल्यांनी केलं तसंच छापखानेवाल्यांनीही केलं.

मधुरा_व
हिशेबनीस काका, जुने पत्रे परत वापरले हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे छापातल्या माणसांचे कपडे बघून साल ठरवायला गेलो तर इथे गंडणार. खोदरेषा म्हणते ती जुन्या कपड्यांची खूण इथे कशी लावायची?

जुना_हिशेबनीस
सरळ आहे. नाटकात एकाच चित्रात जुने आणि नवे कपडे शेजारी शेजारी असतात. जुन्या पत्र्यात सगळेच जुने असतात, नवीन असतो तो फक्त मजकूर.

विंगेतला
मी परत आलो कारण सराईचा विषय निघाला आणि ब्रेडेरोचं नाव अजून कुणी घेतलं नाही हे बरोबर नाही. खेर्ब्रांड ब्रेडेरो (१५८५-१६१८), ॲमस्टरडॅमचा, मुळात चित्रकार म्हणून शिकलेला, तेहतिसाव्या वर्षी गेला. त्याचं 'गायीचं प्रहसन' १६१२ चं. गोष्ट अशी, एक चोर रात्री एका शेतकऱ्याकडे मुक्काम मागतो, शेतकरी भला माणूस, ठेवून घेतो. रात्री चोर उठून गोठ्यातली गाय बाहेर नेऊन बांधतो आणि परत येऊन झोपतो. सकाळी दोघं मिळून ॲमस्टरडॅमला निघतात. वाटेत चोर सांगतो थांबा, मला एकाकडून गाय घ्यायचीय, आणि तीच गाय घेऊन येतो. शेतकरी म्हणतो, अरे ही तर अगदी माझ्या गायीसारखी दिसते. मग चोर त्यालाच गळ घालतो की बाजारात तूच विकून दे. आणि तो विकतो! स्वतःची गाय स्वतः, चांगला भाव करून, आणि पैसे आणून चोराच्या हातात.

मग येते सराई. सगळे पीत बसलेत, चोर उदार होतो, म्हणतो मी मस्त खायला घेऊन येतो, मालकिणीची ताटं द्या, आणि तिथे बसलेल्या एका छानछोकी माणसाचा झगा पण घेतो, आणि गेला तो गेला. तेवढ्यात शेतकऱ्याचा पोरगा धावत येतो, बाबा, आपली गाय चोरीला गेली. हा प्रवेश मला आपल्या वगाच्या अंगाने जाणारा वाटतो, प्रेक्षकाला पहिल्यापासून सगळं माहीत असतं आणि स्टेजवरच्या एकट्यालाच नसतं, आणि बोली पण तशीच, ब्रेडेरोने ॲमस्टरडॅमच्या रस्त्यावरची आणि आसपासच्या खेड्यांतली भाषा उचलली. चोराला शिक्षा होत नाही हे विशेष. पुढच्या शंभर वर्षांत गुत्त्यातली जेवढी प्रहसनं आणि त्यांची चित्रं आली त्यात हा साचा मला दिसतो, टेबलाशी बसलेले बेसावध आणि दाराशी निघायच्या तयारीतला एक जण. छाप बघताना दाराकडे कोण आहे ते आधी बघा.

रंगपेटी
चर्चमधल्या लोकांना हे सगळं चालायचं? कॅल्व्हिनवाले, म्हणजे तिथले कर्मठ प्रोटेस्टंट, तर नाटकाच्या नावानेच भडकायचे ना.

खोदरेषा
भडकायचेच, ॲमस्टरडॅमचे धर्मोपदेशक नगरपालिकेकडे सारख्या तक्रारी घेऊन जायचे. पण स्खाउबुर्खचं उत्पन्न जायचं शहराच्या अनाथालयाला आणि वृद्धाश्रमाला, ३ जानेवारी १६३८ ला ते उघडलं तेव्हापासूनची ही सोय. प्रहसनाला गर्दी झाली की अनाथ पोरांच्या ताटात पडायचं, त्यामुळे बंद करायला कुणी सहजी धजायचं नाही. तरी १६७२ च्या युद्धात बंद पडलं ते १६७७ पर्यंत.

विंगेतला, दाराकडे बघायचं हे मस्तच. आता मला ज्या माणसाबद्दल लिहायचंय तो म्हणजे यान पुंट (१७११-१७७९). हा एकाच वेळी ॲमस्टरडॅमचा आघाडीचा नट आणि तांब्याच्या पत्र्यावर उत्तम कोरणारा होता, संध्याकाळी स्टेजवर अकिलीस आणि दिवसा हातात ब्युरिन. अँटवर्पच्या जेझुइट चर्चचं छत रुबेन्सने रंगवलेलं, १७१८ च्या आगीत ते जळालं, पण याकोब दे विट या चित्रकाराने आधीच त्याची रेखाटनं करून ठेवली होती आणि त्यावरून पुंटने पत्रे कोरले, १७५१ मध्ये मालिका आली. आज ते छत कसं होतं हे सांगायला त्या छापांचा मोठा आधार आहे.

पुढे पुंट नाट्यगृहाचा व्यवस्थापक म्हणून नाट्यगृहाच्या इमारतीतच राहायला गेला. ११ मे १७७२ ला प्रयोग चालू असताना आग लागली आणि स्खाउबुर्ख जळून खाक झालं, माणसं दगावली, पुंटचं राहतं घर, सामान सगळं त्यात गेलं. सगळे रंगवलेले पडदे गेले, त्यात ट्रोस्टचे हात लागलेले असणार. त्या आगीचे छाप सिमोन फोक्केने लगोलग काढले. नवं नाट्यगृह १७७४ ला लाइड्सप्लाइनला झालं, दुसरीकडे.

मग त्या जुन्या स्खाउबुर्खचं आपल्याकडे काय राहिलं? १६६५ च्या नव्या बांधकामाआधीच्या नाट्यगृहाचे सालोमन सावेरीचे १६५८ चे दोन छाप, एकात प्रेक्षकांतून दिसणारा रंगमंच आणि दुसऱ्यात रंगमंचावरून दिसणारे प्रेक्षक, खाली उभे राहणारे, कडेने दोन मजली बॉक्स. नाटकांची छापील पुस्तकं. आणि हे प्रवेशांचे छाप, ज्यात नट कसा बसायचा, टेबल कुठे ठेवायचे, म्हातारा कुठली टोपी घालायचा हे दिसतं. म्हणून मला त्या कापलेल्या पट्ट्यांचा एवढा राग येतो. पट्टा असेल तर तो अठराव्या शतकातल्या एका प्रयोगाचा पुरावा आहे, नसेल तर हॉटेलच्या लॉबीत लावायचं चित्र.

हेगकर
पुंटबद्दल एक भर. तो गेल्यावर सिमोन स्टाइलने त्याचं चरित्र लिहिलं, १७८१ मध्ये, आणि त्याचाच जुना सहकारी-प्रतिस्पर्धी नट मार्टेन कोर्फर इतका चिडला की १७८६ मध्ये त्याला उत्तर म्हणून अख्खं पुस्तक काढलं. त्यांच्या भांडणातून त्या काळातल्या तालमी, उच्चार, हातवारे यांची जेवढी माहिती मिळते तेवढी दुसरीकडे मिळत नाही. अभिनय खणखणीत, चाल लावून करायचा की साधा बोलल्यासारखा यावर वाद. छापातले हातवारे बघताना हे डोक्यात ठेवलं की काही हात एवढे उंच का आहेत ते कळतं.

आम्लस्नान
छाप उजेडात धरला. जाळीच्या रेषा आहेत, वॉटरमार्क नाही, मागे पेन्सिलने कुठलासा आकडा. पाटीवर खडूच्या रेघा आहेत! आणि तिघांतल्या एकाची बटणं उलटी, बाकी दोघांचे कोट उघडे असल्यामुळे कळत नाही. दाराशी कुणी नाही पण दार अर्धं उघडं आहे. फोटो काढून टाकतो.

खोदरेषा
टाका टाका, नक्की टाका. खालची कडा जरा जास्त जवळून घ्या, कापताना अक्षरांचे वरचे शेंडे कधी कधी राहतात, तेवढ्यावरूनही नाव लावता येतं.

रंगपेटी
लांगेनडाइकचं नाटक वाचायला मिळेल का कुठे? डच येत नाही पण ती ताटल्यांची भांडणं बघायचीच आहेत.

हेगकर
डच साहित्याचं डिजिटल ग्रंथालय आहे, डीबीएनएल नावाने शोधा, लांगेनडाइक आणि ब्रेडेरो दोन्ही फुकट आहेत. नाटक पद्यात आहे आणि भाषा जुनी, पण अडलेलं मी सांगेन. ताटल्यांचा प्रवेश मी ओळीओळीने साधा अर्थ लावून इथेच टाकतो, विंगेतला, तुम्ही कुठली ताटली कधी सरकते त्याच्या खुणा करा.

विंगेतला
करतो. आधी सांगा टेबलावर एकूण भांडी किती लागतात, प्रॉपर्टीची यादी तिथून सुरू होईल.